लंडनचा खुनी आणि वारज्यातली आई

त्या वर्षी आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी आठ वाजता एका खुन्याचा खटला चालायचा. मालिकेतला खुनी होता तो. पुण्यात भागीदाराचा गळा दाबून लंडनला पळालेला. त्याला भारताच्या ताब्यात द्यायचं की नाही, यावर तिथल्या कोर्टात तीन आठवडे खल चालला होता. न्यायाधीश गोरा, डोक्यावर विग, आणि बोलायचा मात्र अगदी शुद्ध मराठी. आई निवृत्त शिक्षिका. त्याच्या ‘ळ’वर ती बेहद्द खूश होती.

मला मात्र काही धड सुचत नव्हतं. दोन वर्षांसाठी अमेरिकेला जाशील का, असं कंपनीने मला विचारलं होतं. येत्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं आणि आईला मी त्यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? दादा सहा महिन्यांच्या कामाला म्हणून तिकडेच गेला, त्याला आठ वर्षं झाली होती. बाबा गेलेले. घरात आम्ही दोघीच. हिंजवडीहून येताना कंपनीच्या बसमध्ये मी वाक्यं जुळवायचे, वारज्याच्या पुलाशी उतरेपर्यंत ती विस्कटायची, आणि घरी आले की भाजीत मीठ कमी आहे म्हणून मी भांडायचे.

खुन्याच्या वकिलाने एकदा मुद्दा काढला, की भारतातल्या तुरुंगात ओल असते, डास असतात, अशिलाच्या प्रकृतीला ते मानवणार नाही.

“डास आमच्याकडेही आहेत,” आई टीव्हीला म्हणाली. “आम्ही कुणाचा खून न करता राहतो त्यांच्यात.”

मी हसले, पण हसू लगेच विरलं. मुलांना इथली धूळ सोसत नाही, असं दादा दर दिवाळीला फोनवर सांगायचा. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेत, आत्ता निघता येत नाही, हेही सांगायचा. आई सगळं ऐकून घ्यायची. त्याला तिने एकही टोमणा कधी मारला नाही, याचा मला फार राग यायचा. टोमणे सगळे माझ्या वाट्याला, उरलेसुरले टीव्हीच्या.

निकालाचा भाग शुक्रवारी होता. मी घरी आले, हातपाय धुऊन उदबत्ती लावायला गेले, तर देव्हारा रिकामा. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, तिघेही शेजारच्या पातेल्यात, पार पाण्याखाली. मनातलं काम होईपर्यंत देवांना असं पाण्यात ठेवायचं. बाबांच्या आजारपणात आईने ठेवले होते, त्यानंतर आजच. हिला कळलं की काय?

“देव कशासाठी गं पाण्यात?”

“त्या मेल्याला परत पाठवू देत म्हणून,” आई म्हणाली. “त्याची आई थकलीय आता.”

“अगं, नटी आहे ती! आणि निकाल केव्हाच लिहून, चित्रीकरण होऊन डब्यात पडलाय.”

“असू दे. आज काय ते कळेल तरी.”

आठच्या भागात गोऱ्या न्यायाधीशाने खुन्याला भारतात पाठवायचा हुकूम दिला. आईने पदराने डोळे टिपले, टीव्ही बंद केला आणि आत जाऊन एकेक देव पाण्यातून काढून पुसायला घेतला. मी मागे उभी होते. माझं डोकंच फिरलं.

“एका खुन्यासाठी देव पाण्यात ठेवलेस. दादासाठी का नाही ठेवलेस कधी?”

ती बाळकृष्ण पुसत राहिली.

“त्याच्यासाठी ठेवले असते,” ती म्हणाली, “तर बाहेर कधी काढले असते?”

माझं सांगायची वेळ खरं तर तीच होती. मी ताटं घेतली. सोमवारी कंपनीला होकार दिला आणि आईला ते बुधवारी सांगितलं. आधी तिला विचारायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. “स्वेटर इथून नेऊ नकोस, तिकडची थंडी वेगळी,” एवढंच ती म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी नमस्कार करायला मी देव्हाऱ्यापुढे वाकले. तिन्ही देव जागच्या जागी होते, कोरडे. मला हमसून रडू आलं. आईला वाटलं, मला जायचं नाहीये. ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “जा गं, दोन वर्षं काय, बघता बघता जातील.”