तुमच्या बातमीतलं पाणी

पौषातली दुपार होती. मी ओट्यावर बसून बातमी वाचत होतो आणि माझी बायको वच्छला सुपात तुरीच्या शेंगा सोलत होती. हे आमचं नेहमीचंच. बातमी लिहिली की एसटीच्या ड्रायव्हरजवळ पाकीट देण्याआधी तिला वाचून दाखवायची. तिला अक्षर येत नव्हतं, मला चौथीपुरतं येतं. त्या दिवशीची बातमी होती की आमच्या नाल्यावरचा पूल पूर्ण झाला. तिनं मान वर न करता विचारलं, "पाह्यला का तुमी?"

"सरपंचानं सांगतलं."

"मंग खाली सरपंचाचंच नाव लिहा. तुमचं कायले?"

"बरं वं, उद्या जातो पाहाले."

"जाजा. अन् चप्पल घालून जाजा, बोरीचे काटे हायेत तिकडे."

मग ती गाय बांधायला गोठ्यात गेली, ती परत आली नाही. दोन हाका मारल्या, मग उठलो. खुंट्याला टेकून बसली होती, दावं हातातच... दिवस मावळायच्या आत तिला नेलं.

दोन आठवड्यांनी, मी बातम्या पाठवतो त्या साप्ताहिकात तिच्यावर चार ओळी आल्या. "वार्ताहरांच्या धर्मपरायण व मितभाषी पत्नीचे निधन." मितभाषी म्हणजे काय ते शाळेतल्या मास्तरला विचारलं. कमी बोलणारी, म्हणाले. मला आधी हसू आलं, मग डोकं तापलं. आमच्या गावात असा एक माणूस दाखवा ज्याला तिनं झापलं नाही. आणि देवळात ती जायची ती प्रसादाच्या दिवशी. लिहिणारा आमच्या उंबऱ्यावर कधी आला नाही, तिला त्यानं कधी पाहिलं नाही. बायको मेली म्हणजे ती धर्मपरायण आणि मितभाषी, असा त्यांच्याकडे साचाच आहे. म्हणून हे मी लिहून राह्यलो. ज्यांनी ते छापलं त्यांनी हेही छापावं.

मी वार्ताहर झालो छप्पन साली, आपला मुलूख मुंबईला जोडला त्या दिवसांत. झालो म्हणजे काय, आर्णीच्या पलीकडून साप्ताहिकाला पत्र टाकणारा मी एकटाच होतो, म्हणून संपादकांनी शिक्का मारलेलं कार्ड पाठवलं. पाच-सहा वर्षांनी यवतमाळला शिबिर भरलं. आडगावच्या वार्ताहरांना शिकवून तयार करायचं म्हणून मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संस्थेनं अनुदान आणलं होतं. मुकुटबनकडचा एक गडी अर्धी वाट पायी तुडवून आला होता, त्याच्या पायाला फोड. आणि शिकवणारे कोण, तर ज्यांनी खेडं मोटारीच्या काचेतून पाहिलं ते. एकानं काळा चष्मा वर्गातही उतरवला नाही. फळ्यावर त्यानं सहा सवाल लिहिले, कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. आम्ही शाळेतल्या पोरांसारखे उतरवून घेतले. वच्छलाचा एकच सवाल होता आणि तो त्या सहांत नव्हता.

मी उभा राहून विचारलं, "साहेब, आमचं पाकीट पोचाले चार दिवस लागते. बातमी शिळी होते, त्याचं काय करावं?" चष्मेवाला हसला. "सोपं आहे. समारंभाची बातमी समारंभाच्या आधीच लिहून पाठवा. निमंत्रणपत्रिकेत सगळं असतंच." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. अनुदानाचं बाकी काय झालं म्हणाल तर हार झाले, भाषणं झाली, पुठ्ठ्याच्या फायली झाल्या आणि बासुंदी झाली. वर शेवटच्या दिवशी एक गाजर. विकासाच्या बातम्या ज्यांच्या जास्त छापून येतील अशा सहा वार्ताहरांना त्याच अनुदानातून सायकल. मला ती सायकल पाहिजे होती. आंधळ्यासारखी पाहिजे होती.

त्याच उन्हाळ्यात गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर सरकारी विहीर खोदली. उद्‌घाटनाची पत्रिका आली, मी शिकल्याप्रमाणे ओट्यावर बसूनच लिहून टाकलं... साहेब आले, नारळ फुटला, तांड्याला पाणी मिळालं, आयाबहिणींनी आनंदानं घागरी भरल्या. वच्छला तेव्हा माहेरी गेलती, म्हणून वाचून दाखवायचं राहिलं. राहिलं कसलं, मी राहू दिलं. साहेब आले नाहीत. विहिरीला खडक लागला, पाण्याचा थेंब नाही. आणि बातमी पहिल्या पानावर.

वच्छला परत आली त्या सकाळी आमच्या गावच्या विहिरीवर गेली. तिथं आमच्याच लोकांनी तांड्याच्या बाया अडवल्या होत्या. पाटील पेपर हातात घेऊन उभा. "तुमच्या विहिरीले पानी लागलं ना? पेपरात आलं हाये. मंग इकडे कायले?" सोनीबाई नावाची तांड्यावरची म्हातारी, वच्छला तिला त्यांच्या बोलीत याडी म्हणायची, म्हणजे आई, ती कोरडी घागर घेऊन उन्हात बसून होती. वच्छलानं तिची घागर उचलली, घरी आली आणि माझ्यासमोर आदळली.

"हे घ्या. तुमच्या बातमीतलं पानी भरून आना याच्यात."

मी म्हटलं, "अवं, शिबिरात तसंच सांगतलं..."

"शिबिरातल्यायले सोनीबाई ठाऊक नाई. तुमाले ठाऊक हाये."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं यवतमाळला गेलो. घागर तिच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कोनाचं लगन हाये?" ती म्हणाली, "याह्यच्या अकलेचं." संपादक खुर्चीतून हलले नाहीत. "अहो, दुरुस्ती छापली तर सायकलच्या यादीतून तुमचं नाव जाईल. आणि संस्थेला काय सांगू? अनुदान बंद होईल." खरं सांगतो, त्या घडीला मला सायकलच दिसत होती, घंटीसकट. वच्छलानं घागर त्यांच्या टेबलावर ठेवली, कागदांवर, आणि खाली फरशीवर बसली. "छापाल तवा उठीन." लोक डोकावू लागले. मग माझ्याच तोंडून निघालं, "छापा साहेब. सायकल द्या कोनाले बी."

दुरुस्ती आली, दोन ओळी, दंतमंजनाच्या जाहिरातीखाली. पाटलाला मी ती मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा कुठं सोनीबाईची घागर भरली. माझी सायकल गेली एका अशा गृहस्थाला ज्यांच्या दारावरून दिवसाला चार मोटारी जातात. आणि शिबिराचं प्रमाणपत्र, सोनेरी काठाचं, वच्छलानं तिखटाच्या बरणीवर दोऱ्यानं बांधलं. "जाड हाये कागद," म्हणाली, "मुंग्या जात नाईत." अजून तिथंच आहे. अध्यक्षांची सही तिखटानं लाल झाली आहे. त्या सगळ्या अनुदानातून आमच्या घराला झालेला फायदा तेवढाच.

तिला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाहुणे दाटले होते. मी चप्पल घातली तसा साळा आडवा आला. "भाऊजी, कुठी चालले?"

"पूल पाहाले."

"सुतकात? लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

पायीच गेलो. नाल्याच्या दोन्ही काठांवर दगडी भिंती उभ्या होत्या, मधे काही नव्हतं. नुसतं आभाळ. मी खाली उतरलो, पलीकडे चढलो, परत आलो. तिथंच दगडावर बसून जुनी बातमी खोडली आणि दुसरी लिहिली. घरी आलो. ओट्यावर सूप तसंच पडलं होतं, अर्ध्या शेंगा सोललेल्या, अर्ध्या तशाच. पाहुण्यांच्या देखत मी त्या सुपासमोर बसलो आणि मोठ्यानं वाचलं, "नाल्यावर पूल झालेला नाही. आपल्या वार्ताहरानं स्वतः पाहिलं." मग उठून पाकीट ड्रायव्हरजवळ दिलं.