माडीवरची न्हाणी

रामसिंग मिस्त्री कुणाच्याही घरी गेले, अगदी बारशाला गेले तरी, आधी खिशातली काचेची गोटी जमिनीवर ठेवायचे आणि ती कुठे जाते ते उकिडवे बसून बघत राहायचे. आमच्या माडीवर ती आधी खिडकीकडे निघाली, मग मन बदलल्यासारखी वळली आणि कपाटाखाली गेली. मिस्त्री म्हणाले, "सर, ही जमीन इमानदार न्हाई."

आमचे घर कळमनुरीत. खाली दुकान आणि मागे न्हाणी, वर सागवानी फळ्यांची माडी. अर्धांगवायूनंतर आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जिना उतरवेना. माझी बायको ओल्या फडक्याने त्यांचे अंग पुसायची, आणि तेवढा वेळ आप्पा डोळे घट्ट मिटून घ्यायचे. एवढा कडक माणूस लाजेने पार खचून गेला होता. म्हणून माडीवरच्याच लहान खोलीत न्हाणी करायची ठरवून मी फायबरचा शॉवर ट्रे, म्हणजे मध्ये जाळी असलेले आंघोळीचे उथळ तबक, मागवला आणि तो बसवायला मिस्त्रींना बोलावले.

दोन दिवस मिस्त्री फळ्यांखाली पाचरी ठोकत होते. मी विचारले की उत्तर एकच, "करून राहिलो ना सर, घाई काहून?" ट्रे बसला, जरासुद्धा हलेना. पण पाणी सोडले तर ते मधल्या जाळीकडे जायचे सोडून भिंतीच्या कोपऱ्यात तुंबले. पुन्हा सोडले, पुन्हा तेच. मी चक्रावलो. मिस्त्री माझ्याहून जास्त चक्रावले.

"ढाळ तर बराबर देला मी!" म्हणत ते अंगावरच्या कपड्यांनिशी ट्रेमध्ये मांडी घालून बसले आणि तळ चाचपू लागले. बऱ्याच वेळाने त्यांचा चेहरा उतरला.

"सर, याचा ढाळ याच्यातच हाय. मधी. अन् मी खालून भिंतीकडं देऊन बसलो. न्हाणी म्हणली की हात आपसूक तसा चालतो."

ट्रेखाली सपाट जमीन हवी होती, एवढेच. पण सगळे उखडायचे म्हटल्यावर मी वैतागलो. म्हणालो, "राहू द्या हो. साचलेलं पाणी फडक्यानं पुसून घेऊ."

मिस्त्री माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "परत फडकंच? मंग आप्पाला काय भेटलं?"

मी ट्रेची एक कड धरली. त्यांनी ट्रे काढला, सगळ्या पाचरी नव्याने तासून खालची जमीन सपाट केली आणि ट्रे परत बसवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा मिस्त्रींनी भिंतीत बसवलेला दांडा धरत आत गेले आणि स्टुलावर बसले. बायको टॉवेल घेऊन पुढे झाली, तर त्यांनी हाताने तिला थांबवले आणि दार लोटून घेतले. पाण्याचा आवाज सुरू झाला. मी बाहेर हत्यारे आवरणाऱ्या मिस्त्रींना म्हणालो, "पाणी नीट जातंय का, जरा आत डोकावता का?"

"न्हाई सर. ती आता आप्पाची न्हाणी हाय. ते हाक मारतील तवाच जायचं."

हत्यारांची पिशवी उचलून ते जिना उतरून गेले. आप्पांनी अर्धा तास आंघोळ केली. हाक कुणालाच मारली नाही.