पाण्याच्या उंचीवरचा बोर्ड

पूर ओसरल्यावर आम्ही घरातला चिखल उपसला, फुगलेली दारं बदलली. वायरमननं विचारलं, "बोर्ड किती उंचीवर बसवू?" भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वीतभर वर होती. मी म्हटलं, "हिच्या वर." मग गिलावा झाला, रंग झाला, रेघ दिसेनाशी झाली.

पण आईचा हात दिवेलागणीला अजून जुन्या जागीच जातो. तिथं नुसती गुळगुळीत भिंत. ती जरा चाचपते आणि हात खाली घेते. वरच्या बोर्डापर्यंत तो पोचत नाही, स्टुलावर चढायचं तिचं वय राहिलं नाही. पाण्याची उंची आम्ही नीट मापली. आईची मापायचं सुचलंच नाही.

काल घरी आलो तर ती अंधारात बसलेली.

"अगं, दिवा तरी लावायचास!"

"तू येशीलच म्हणून थांबले होते," ती म्हणाली.