पुस्तकात नव्हतं ते

लालबागेत राधाबाई परबांच्या खानावळीत रोज साठ-सत्तर पानं उठायची. जेवणारे बहुतेक गिरणीतले कोकणी गडी, बायकापोरं गावाला ठेवून आलेले. राधाबाईचा नवरा बोटीवर कामाला गेला, तो सात वर्षं परतला नव्हता. तिच्या कपाळावरचं कुंकू मात्र एक दिवस चुकलं नाही. ‘येतीत आज ना उद्या,’ म्हणायची, की विचारणारा गप्प.

रात्रशाळेचे चिंतामणीमास्तर गिरगावातून शिकवायला यायचे आणि वर्गाआधी तिथेच जेवायचे, परब बोटीवर गेले त्याच्या आधीपासून. त्यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली. नाव बदललं, पण नवऱ्याची वाट बघणारी ती खानावळवाली कोण, हे कुणाला सांगावं लागलं नाही. गिरणीतला मुकादम, धोंडू जॉबर, याने ती दर रविवारी मोठ्याने वाचून दाखवली. राधाबाईला आवडली. शेवटच्या पानापर्यंत ती बाई वाटच बघत होती.

अठ्ठावन्न साली त्या कादंबरीवर सिनेमा निघाला. एरवी रविवारी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला पळणारी पंगत त्या दिवशी परळच्या थेटरात गेली. राधाबाई गेली, तिच्याकडे भाकऱ्या थापणारी मीराबाईही गेली.

मध्यंतरानंतर पडद्यावरच्या बाईने तांदळाच्या डब्यातून पत्र काढलं. नवऱ्याने दुसरा घरोबा केला होता, आणि तिला ते ठाऊक होतं! लोकांनी कीव करू नये, कुणी वाकड्या नजरेने बघू नये, म्हणून ती कुंकू लावत होती.

राधाबाईने पदर कपाळावर ओढून घेतला.

“हे पुस्तकात कुठाय?” बाहेर आल्यावर धोंडू तणतणला. “सिनेमावाल्यांनी पार वाट लावली!”

राधाबाई चालत राहिली. तसंच पत्र तिला चार वर्षांपूर्वी आलं होतं. पोस्टाबाहेरच्या अनोळखी माणसाकडून तिने ते वाचून घेतलं होतं आणि सांगितलं होतं फक्त मीराबाईला.

मग तिला एकेक गोष्ट खुपायला लागली. थेटरात मीराबाई मान खाली घालून का बसली होती? मास्तरांच्या पानात ती नेहमी जास्तीची कढी का वाढायची? अंगावरचं नवं लुगडं कुठून आलं? तिसऱ्या दिवशी राधाबाई म्हणाली, “उद्यापासून येव नको.”

“कित्याक गो?”

“तुका ठाव आसा.”

मीराबाईने हाताचं पीठ धुतलं आणि ती निघून गेली.

सिनेमा लागल्यापासून मास्तरही जेवायला फिरकले नव्हते. पंधरा दिवसांनी राधाबाई त्यांचं घर शोधत गिरगावात गेली. “मास्तर, मीराबाईन तुमका काय काय सांगितल्यान?”

“मीराबाई? तिने काहीच नाही,” मास्तर चपापले. “मीच पाहिलं होतं परबांना, भाऊच्या धक्क्यावर. बाई होती बरोबर, कडेवर मूल होतं. तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून पुस्तकात घातलं नाही. सिनेमाच्या वेळी दिग्दर्शक खोदून विचारू लागला, मी बोलून गेलो. बायकोला माहीत असतं, पत्र आलेलं असतं, हे त्याने मनाने जोडलं.”

“पुस्तक वाचतत किती जण, मास्तर? सिनेमा अख्खा लालबाग बघता.”

मास्तरांना वर बघवेना.

ती तशीच डिलाईल रोडला मीराबाईच्या खोलीवर गेली आणि दारातच सगळं सांगितलं. मीराबाईने ऐकून घेतलं.

“चार वर्सां मी माझ्या नवऱ्याक पण सांगूक नाय,” ती म्हणाली. “आणि तू माझ्यार संशय घेतलंस.”

“चुकलंय गो.”

“चुकलंस,” मीराबाई म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी पंगतीत धोंडू पुन्हा सिनेमाला शिव्या घालू लागला. राधाबाई भाताचं पातेलं घेऊन मधे उभी राहिली. “धोंडू, सिनेमात दाखवल्यानी ताच खरा. पुस्तकातला खोटा.”

पंगत गपकन थांबली. कुणाचा घास हातातच राहिला. राधाबाई ओळीने भात वाढत गेली. मीराबाई काही परत आली नाही. राधाबाईने वरकामाला दुसरी बाई ठेवली, पण मीराबाईची जागा तिला दिली नाही; भाकऱ्या स्वतःच थापायला घेतल्या.