चेंडूच्या पाया

चपलांच्या दुकानात नव्या कातड्याचा वास आला, की मला श्रीरामपूरच्या मिशन हॉस्पिटलमागचं मैदान आठवतं. एकाहत्तर-बाहत्तर साल असेल, आम्ही नर्सिंग शिकत होतो. संध्याकाळी साखर कारखान्याच्या मळीचा वास यायचा आणि आमची परदेशी सिस्टर आम्हाला पदर खोचायला लावून फुटबॉल शिकवायची, कारण दुसऱ्या हॉस्पिटलच्या मुलींशी सामना ठरला होता. पाथर्डीकडची एक मैत्रीण आमच्यात सगळ्यांत जोरात पळायची, पण चेंडूला पाय लागला की लगेच वाकून त्याला हात लावायची आणि तो हात कपाळाला टेकवायची. “हात नाही लावायचा,” सिस्टर वैतागायची. शेवटी मैत्रीण म्हणाली, “पाय लागल्यावर पाया पडावंच लागतं, सिस्टर. कातडं गाईचंबी असंल.” सिस्टर तोडक्या मराठीत म्हणाली, “आधी पड. एकदाच. सगळ्या लाथांसाठी.” सामन्याच्या दिवशी आम्ही सगळ्या मैदानात मधोमध ठेवलेल्या चेंडूच्या पाया पडलो, सिस्टरही वाकली, आणि हा खेळाचा नियमच असेल असं वाटून समोरच्या मुलीही पडल्या. आता टीव्हीवर कुठल्याशा देशाचा खेळाडू मैदानात उतरताना गवताला हात लावून तो कपाळाला नेतो, तेव्हा घरचे म्हणतात, देव मानणारा दिसतोय. त्यानं आजच्या लाथांची माफी आधीच मागून घेतलीय, एवढं मला कळतं.