धावपट्टीवरची हरणं

कॅनडातल्या आमच्या गावाचा विमानतळ म्हणजे एक खोली. महायुद्धात सैन्यासाठी बांधलेली धावपट्टी नंतर गावाला मिळाली, एवढाच त्याचा इतिहास. तिकीट तपासणं, सामान चढवणं, कॉफी देणं, सगळं एकटी मार्था बघते.

परवा माझी बहीण सुमन पहिल्यांदाच येणार होती. विमान डोक्यावर घिरट्या घालायला लागलं, आणि धावपट्टीवर हरणं निवांत उभी. मार्था नारिंगी जाकीट चढवून गाडीकडे निघाली.

"नाही हलली तर?" मी विचारलं.

"तर विमान परत शहरात. हरणांना कुठे तुझी बहीण माहीत आहे?"

हॉर्न वाजवत ती पार टोकापर्यंत गेली. पाहुणे यायच्या आधी आपण अंगण झाडतो, त्यातलंच हे. येणाऱ्याला फक्त स्वच्छ अंगण दिसतं. झाडणारी तोवर चहा टाकायला आत गेलेली असते. घरं काय, गावं काय, अशीच चालतात, आणि कौतुकाची वाट बघायला कुणाला वेळ नसतो.

शेवटचं हरीण झाडीत शिरलं आणि विमान उतरलं. सुमन बॅग ओढत आत आली, इकडेतिकडे बघत म्हणाली, "किती शांत गं इथे. काही घडतच नसेल."

मार्था तोवर कॉफी ओतायला लागली होती.