आवडाबाईचा बँड

परशुराम ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. घरात एकवीरा, दारात जाळी, आणि नोकरी मात्र मिशनच्या शाळेत, तीही धर्मशिक्षणाच्या तासाला! आता बोला! ऐंशी साली फादरनी त्याला एका लग्नात कॉर्नेट वाजवताना ऐकलं आणि विचारलं, "आमच्या पोरांना शिकवाल का, मास्तर?" तेव्हापासून येशूची गाणी पोरांच्या बोटांत त्यानंच बसवली. बायबलातलं अवाक्षर त्याला ठाऊक नव्हतं, पण कुठलं गाणं कुठल्या सणाचं, ते झोपेत विचारा. वाड्यातले लोक त्याला पाद्रीबुवा म्हणून चिडवायचे. चिडवेनात का! त्यांचा बँड लग्नसराई संपली की माश्या मारायचा, याचा बारा महिने वाजायचा.

त्याची आई आवडाबाई मासळीबाजारात बसायची. तिला एकच घोर. "परशा, पाद्र्यांना वाजवतस, मना मेल्यावं वाजवत नेशील ना रं?" पिकल्या पानाला वाजतगाजत न्यायची वाड्याची रीत. परशुरामनं शब्द दिला होता.

नव्वदच्या डिसेंबरात म्हातारी गेली, आणि तीही ऐन लग्नसराईत. वाड्याचा बँड शहाडला हळदीला गेलेला. कल्याणच्या बँडवाल्यांनी हात वर केले. परशुराम ओट्यावर बसून राहिला. रडू येईना, तहान लागेना, कोण काय बोलतंय ते कानात शिरेना. आपला शब्द खोटा पडतोय, एवढंच त्याला कळत होतं.

शेवटी उठला आणि शाळेत गेला. शाळेची वाद्यं चर्चच्या सणाशिवाय फाटकाबाहेर काढायची नाहीत, असा नियम. फादरनी नियमाचं नावही काढलं नाही. "पोरांचं काय बसलंय सध्या?" एवढंच विचारलं.

"नाताळचं."

"मग तेच वाजवा."

तर आवडाबाई निघाली ती येशूजन्माच्या गाण्यांवर! वाड्याला काय कळतंय? "चाल गोड हाय गो," बायका डोळे पुसत म्हणाल्या. परशुराम विस्तवाचं मडकं धरून पुढे, मागे तिरडी, तिच्यामागे पोरांचा बँड. विस्तव धरणाऱ्यानं मागे वळून बघायचं नसतं. बघितलं तर गेलेल्याचा जीव घुटमळतो म्हणतात. तो आपला पाय ओढत चालला होता. मागे आपली आई आहे, असं त्यानं मनाला बजावून पाहिलं. मन ढिम्म.

खाडीच्या रस्त्याला लागले आणि ड्रमवाल्या पोरानं घाई केली. गाणंच आनंदाचं, तो तरी काय करणार! ताल पळाला, तसे खांदेकऱ्यांचे पाय पळाले आणि तिरडी गदागदा हलायला लागली. परशुरामातला मास्तर जागा झाला. तो गर्रकन वळला, मोकळा हात वर करून ओरडला, "हळू रे, हळू!"

तेव्हा त्याला आई दिसली. तिची मान डुलत होती, गिऱ्हाईकाला भाव पाडून देत नाही म्हणून सांगताना डुलायची तशीच.

वाड्यातला सगळ्यात जुना माणूस कुंडलिककाका. तो किंचाळला, "परशा, मागं नको बघू! अडकंल ती, जाणार नाय!"

परशुराम आईकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालू लागला. हातानं ताल देणं चालूच होतं.

"अडकू दे, काका," तो म्हणाला, "नको जाऊ दे तिला." आणि भर रस्त्यात त्यानं हंबरडा फोडला.